आधी मॉनिटर बघ, मग प्रोसेसर
अरे गेमिंग पीसीसाठी आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतलंयस ना, मग त्याच्यासोबत आय९सारखा महागडा प्रोसेसर घ्यायचं खूळ डोक्यातून काढ. रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ, दोन्ही ६ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि १२ थ्रेडचे (एकाच वेळी चालणारी कामं), या कार्डाला आरामात पुरतात. फक्त त्या एफवाल्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं (साध्या ५६०० मध्येही नाही), म्हणजे उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळीच.

पण खरा प्रश्न मॉनिटरचा आहे. १०८०पी (फुल एचडी) रिझोल्युशनवर १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ फ्रेम, म्हणजे चित्रं) चालवणार असशील तर जास्त ताण प्रोसेसरवर येतो, कारण प्रत्येक फ्रेमचं काम आधी तोच करून कार्डाकडे पाठवतो, आणि रिझोल्युशन १४४०पी, ४के असं वाढवत नेलं की मग कार्डच दमतं आणि प्रोसेसर बसून राहतो. व्हॅलोरंट, सीएस२ असले गेम प्रोसेसर खातात, सायबरपंक रे ट्रेसिंगवर (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारं सेटिंग) लावलास तर दोघांचाही घाम काढतो.

चेक करायचं तर गेममध्ये आफ्टरबर्नर (पीसीचे आकडे स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून जीपीयू युसेज, म्हणजे कार्ड किती टक्के वापरलं जातंय ते बघ. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर झक्कास, ६०-७० वर लटकलाय आणि फ्रेम लिमिट, व्ही-सिंक (फ्रेमवर मर्यादा घालणारी सेटिंग्ज) पण बंद आहे तर बहुतेक प्रोसेसरच अडवतोय. एकूण सीपीयू (प्रोसेसर) युसेज ४० टक्के दिसला म्हणून फसू नकोस, एकच कोर फुल झाला तरी गेम अडकतो. मी स्वतः महिनाभर प्रोसेसरला शिव्या घालत होतो आणि शेवटी निघालं काय, रॅमची एकच स्टिक लावलेली, दुसरी टाकली आणि अडखळणं गायब!