गणित सुरू होतं, पूर्ण होत नाही

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाणारी अवस्था) आहे. मी त्याला घरीच शिकवते. गणिताची तीन उदाहरणं झाली की तो उठतो. तासभर बसवायचं कसं?

उत्तर : तासभर बसवूच नका. तो आपणहून किती वेळ टिकतो, ते दोन-तीन दिवस घड्याळ लावून पाहा. ८ मिनिटं टिकत असेल तर ७ मिनिटं काम, मग ५ मिनिटं दोरीच्या उड्या किंवा जिन्याच्या फेऱ्या. या सुट्टीत मोबाइल नको. तो सोडून अभ्यासाकडे वळणं या मुलांना फार जड जातं. पानावरची बाकीची उदाहरणं कोऱ्या कागदानं झाका, दोनच दिसू द्या. उरलेल्या वेळेचा अंदाज त्यांना सहसा येत नाही, म्हणून वाळूचं घड्याळ समोर असू द्या. उभं राहून फळ्यावर सोडवलं तरी उत्तमच.

शाबासकी लगेच द्या आणि नेमकी द्या : ‘हातचा विसरला नाहीस!’ संध्याकाळचं बक्षीस त्याच्यासाठी फार लांब असतं. एकच बक्षीस काही आठवड्यांत फिकं पडतं. तेव्हा ते बदला, मुलाला बोल लावू नका. औषध चालू असेल तर त्याचा परिणाम केव्हा ओसरतो, हे डॉक्टरांना विचारा आणि गणित त्याआधी घ्या.