"तुम्हाला आता कशाला धावपळ?"

प्रश्न : ताई, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय 48, नोकरीला 19 वर्षं झाली. डेप्युटी मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा सगळे म्हणत होते आता तुमचाच नंबर. पण प्रमोशन मिळालं 31 वर्षांच्या मुलाला, त्याला मायक्रोमीटर कसा धरायचा ते मी शिकवलंय. साहेबांना विचारलं तर म्हणाले, अहो तुम्हाला आता कशाला धावपळ, तब्येत सांभाळा. मुलगी बारावीला आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. कोर्टात जाता येईल का?

उत्तर : दादा, मी 11 वर्षं एचआरमध्ये काढलीत, हे "तब्येत सांभाळा" मी खूपदा ऐकलंय आणि दरवेळी राग आलाय, कारण बोलणारा काळजीने बोलतो पण तुम्हाला धावपळ झेपते का हे तुम्हाला कुणी विचारलेलंच नसतं, परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

कोर्टाचं खरं सांगते. प्रायव्हेट कंपनीने वयावरून भेदभाव करू नये असं सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आणि त्यातही धर्म, जात, लिंग आहे, वय नाही. अमेरिकेत 1967 पासून चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा कायदा आहे. आपल्याकडे लायकी न बघता काहींना झुकतं माप देणं ही अनुचित कामगार प्रथा मानतात, पण ते संरक्षण कामगारांना, मॅनेजर लोक त्यात बसत नाहीत. तुम्ही बसता का हे नुसत्या पदावरून ठरत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते बघतात, म्हणून अपॉइंटमेंट लेटर आणि पगाराची स्लिप घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला लवकर भेटा, तक्रारीला मुदत असते.

आता एक गोष्ट बघा. गेल्या तीन-चार वर्षांत नवीन सॉफ्टवेअरच्या, ऑडिटच्या ट्रेनिंगला तुमचं नाव होतं का? प्रमोशनची वेळ खूप आधी, या यादीतच निघून गेलेली असते. मी स्वतः अशा याद्या टाईप केल्यात, पंचेचाळीशीपुढचं नाव आलं की साहेब म्हणायचे "राहू दे, त्यांना काय उपयोग", मी खोडायचे, आणि दोन वर्षांनी त्याच माणसाला सांगितलं जायचं की तुम्हाला नवीन सिस्टीम येत नाही. आजही ती नावं आठवली की वाईट वाटतं.

म्हणून एचआरला साधा मेल टाका, भांडण नको, त्या मुलाचं नावही नको (त्याचा यात काही दोष नाही). "या जागेसाठी निकष काय होते, मी कुठे कमी पडलो ते लेखी कळवावं, आणि पुढच्या ट्रेनिंगला माझं नाव घ्यावं" एवढंच. साहेब काय बोलले ते तारखेसकट आजच वहीत लिहून ठेवा. रागात राजीनामा देऊ नका.

आणि वहिनींना आज रात्रीच सांगा, मेल लिहायला त्यांनाच शेजारी बसवा.