थेम्स नदीखालचा पहिला बोगदा घोडागाड्यांसाठी खोदला होता, मग त्यातून गाड्या का गेल्या नाहीत? आणि बडोद्याच्या विश्वामित्री नदीखालून असा रस्ता होईल का?

पैसे संपले आणि उतार बांधायचा राहिला, एवढंच कारण.

बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. दांडिया बाजारातून अलकापुरीत जाताना मला रुळांखालचं गरनाळं लागतं. (भुयारी मार्ग हा शब्द इथे मराठी घरातही कोणी वापरत नाही.) रुळांखालचा तुकडा स्कूटरवर काही सेकंदांत संपतो. जागा खातो तो दोन्हीकडचा उतार, आणि पावसात पाणी येऊन साचतं तेही उतारामुळेच. तोंडाशी आलेली स्कूटर मी किती वेळा मागे वळवली असेल! आता गरनाळ्यावर रुळांऐवजी जहाजं चालणारी नदी धरा. घोड्याला ओझ्यासकट चढता येईल असा उतार किती लांब लागेल?

अभियंता मार्क ब्रुनेलने १८२५ मध्ये लंडनमध्ये, थेम्सकाठच्या रॉदरहाइथला बोगद्याचं काम काढलं. सुरुवात मला फार आवडते. त्याने खड्डा खणून भिंत बांधली नाही. जमिनीवरच ५० फूट व्यासाचं, चाळीसेक फूट उंच विटांचं कडं उभारलं आणि आतली माती उपसत ते स्वतःच्या वजनाने खाली बसू दिलं. आपल्याकडे पुलाच्या पायासाठी विहीर उतरवतात, तसंच.

पुढे आडवं खोदायला त्याची ढाल होती. लोखंडाच्या बारा चौकटी, प्रत्येकीत वर-खाली तीन खण, म्हणजे ३६ माणसं एकाच वेळी मातीला तोंड देऊन उभी. समोर फळ्या ठोकलेल्या. एक फळी काढायची, तेवढ्याच पट्टीतली काही इंच माती खरवडायची, फळी पुढे सरकवून पुन्हा घट्ट करायची, मग दुसरी. सगळ्या फळ्या पुढे गेल्या की चौकट रेटायची, आणि मागे गवंडी लगेच विटा रचत येत. जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. आजची बोगदा खोदणारी अवाढव्य यंत्रं याच ढालीच्या वंशातली.

तरी नदी पुन्हा पुन्हा आत शिरली. १८२७ मध्ये तळाला भगदाड पडलं, ते होड्यांतून मातीची पोती टाकून बुजवलं. जानेवारी १८२८ मध्ये सहा जण बुडाले आणि ब्रुनेलचा २१ वर्षांचा मुलगा इझाम्बार्ड थोडक्यात वाचला. मग पैशांअभावी बोगद्याचं तोंड भिंत घालून बंद, ते सुमारे सात वर्षं! सरकारी कर्ज मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झालं आणि २५ मार्च १८४३ ला साधारण १,३०० फुटांचा बोगदा उघडला. गाड्यांसाठी वळणावळणाचे उतार आराखड्यात होते, पण त्यांना पैसा उरला नव्हता. लोक जिने उतरून, एक पेनी देऊन नदीखालून चालत जात. १८६५ मध्ये तो एका रेल्वे कंपनीने घेतला, १८६९ पासून त्यातून आगगाड्या धावल्या, आजही धावतात.

उताराचं कोडं प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलं. लंडनच्याच ब्लॅकवॉल बोगद्याला १८९७ मध्ये नीट उतार मिळाले. हॅम्बुर्गने १९११ मध्ये एल्बे नदीखालच्या बोगद्याला उतार दिलेच नाहीत, वाहनं सरळ लिफ्टने खाली सोडली.

मोटारी आल्यावर नवीनच संकट आलं, धूर. न्यूयॉर्कच्या हडसनखाली हॉलंड बोगदा करताना आधी माणसांना बंद खोलीत बसवून, किती विषारी वायू सोसतो ते तपासलं. शेवटी ८४ पंखे बसवले, निम्मे हवा आत ढकलणारे, निम्मे बाहेर ओढणारे. दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा बदलते. तो १९२७ मध्ये सुरू झाला. ज्याचं नाव दिलंय तो क्लिफर्ड हॉलंड १९२४ मध्येच गेला, त्याच्या जागी आलेला अभियंताही काही महिन्यांत वारला, आणि काम तिसऱ्याने पुरं केलं.

आता विश्वामित्री. बोगदा लागतो तो पूल आड येतो तिथे. थेम्सवर जहाजांच्या डोलकाठ्यांची इतकी दाटी होती की तिथे पूल घालणं म्हणजे बंदरच अडवणं. काळ्या घोड्याच्या पुलावरून खाली बघा: विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि मगरीला डोलकाठी नसते.