कळसूबाई झालं. आता एका दिवसात होईल, पण दम काढेल आणि वरून तलाव दिसेल असा ट्रेक कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की चौघं आहात, मुंबईहून निघणार, बारी गावाकडून कळसूबाई केलंय आणि शिड्यांची भीती वाटत नाही. मग फार शोधत बसू नका. भंडारदरा धरणाच्या टोकाशी असलेला रतनगड करा. पायथ्याच्या रतनवाडीतून चढा आणि आल्या वाटेने परत न येता गडाच्या त्र्यंबक दरवाजाने पलीकडच्या साम्रद गावाला उतरा. नुसतं रतनवाडीतून वर जाऊन परत येणं तुमच्यासारख्यांना सोपं जाईल. दम काढते ती ही पलीकडची उतरण.

पण आधी महिना ठरवा. तलाव बघायचाय म्हटल्यावर माझ्या मते निम्मं नियोजन तिथेच होतं. मी पहिल्यांदा गेलो ते जुलैत. घाटघर-रतनवाडी हा पट्टा म्हणजे पावसाचं माहेर. वर पोचलो तेव्हा तलाव सोडाच, ज्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, उभे होतो त्याचं छतही धड दिसत नव्हतं. चिंब भिजून, जळवांच्या धास्तीने पाय झटकत खाली आलो आणि घरी फोटो विचारले तर दाखवायला होता पांढरा कागद. पुढे एकदा मे महिन्यात गेलो. हवा स्वच्छ होती, पण रतनवाडी म्हणजे जलाशयाचं शेपूट, पाणी ओसरायला लागलं की आधी उघडं पडतं ते हेच टोक. खाली भेगाळलेला गाळ आणि लांबवर निळी रेघ. म्हणून सांगतो, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. धरण भरलेलं असतं, ढग उठलेले असतात, गवत अजून पूर्ण वाळलेलं नसतं. सप्टेंबरच्या शेवटी सोनकीच्या फुलांचा पिवळा गालिचा असतो खरा, पण तेव्हा धुक्याशी जुगार खेळावा लागतो.

हे पाणी तुम्ही कळसूबाईवरूनही पाहिलं असेल. तेच भंडारदरा. ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचं, १९२६ साली पूर्ण झालेलं प्रवरेवरचं धरण. नकाशात आर्थर लेक, हल्ली राघोजी भांगरे जलाशय, आणि गावात विचाराल तर नुसतं ‘धरण’. फरक इतकाच की कळसूबाईवरून ते लांब पसरलेलं दिसतं आणि रतनगडावरून पायाशी.

आता दिवस कसा लावायचा ते. शुक्रवारी रात्री निघू आणि पहाटे पोचून तसंच चढू, हा बेत करू नका. गाडी चालवणारा माणूस दुपारी त्या उतरणीवर पेंगत असतो. आदल्या संध्याकाळीच कसारा घाट, घोटी, शेंडी करत रतनवाडीत मुक्कामाला या. गावात घरगुती सोय होते, पिठलं-भाकरी मिळते. लोकलने कसाऱ्याला उतरणार असाल तर पुढची जीप आधी ठरवूनच निघा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर पावती फाडून जवळ ठेवा. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळाच. शिड्यांखाली रांग लागली की तासभर तिथेच जातो आणि तो तास दुपारच्या उन्हात फेडावा लागतो.

पहाटे अंधारातच अमृतेश्वराच्या देवळापासून सुरुवात करा. देऊळ सुंदर आहे, पण ते आदल्या संध्याकाळी निवांत बघून घ्या. सुरुवातीला वाट प्रवरेच्या ओढ्यातून या काठावरून त्या काठावर करत जाते, मग दाट झाडीत शिरते. झाडीत एक फाटा आहे. सरळ वाट कात्राबाई खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाते. आम्ही एकदा गप्पांच्या नादात तिकडेच सुटलो होतो आणि वाट गडापासून लांब चाललीय हे कळायला अर्धा तास लागला. तिथे थांबून वाट बघूनच वळा. त्यानंतर खडी चढण, लोखंडी शिड्या, कातळातल्या पायऱ्या, गणेश दरवाजा. रतनवाडीपासून एकूण सुमारे पाचशे मीटर उंची चढायची आहे, तुम्हाला अडीच तास पुरे. गडावरच्या गुहेपाशी माकडं आहेत, डबा उघडून फोटो काढत बसू नका.

माथा १२९७ मीटरवर. राणीचा हुडा नावाच्या बुरुजापाशी आणि नेढ्यात असं दोन्हीकडे थांबा. नेढ्यात वारा असा घुसतो की टोपी हातात धरावी लागते. एका अंगाला धरणाचं पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले. साडेनऊ-दहापर्यंत इथे पोचा, त्यानंतर उन्हाने हवा धुरकट व्हायला लागते आणि पाण्याचा रंग जातो.

अकराच्या आत त्र्यंबक दरवाजा गाठा. कातळात खोदलेल्या पायऱ्या उभ्या आहेत, काही पार झिजलेल्या, काही तुटलेल्या. तिथे तोंड कड्याकडे करून, बूड टेकवत, जसं जमेल तसं उतरायचं, कोणी हसत नाही. पाठीवरच्या पिशवीला चटई वगैरे काही लटकवू नका, कातळाला अडकून तोल जातो. खाली खुट्याचा सुळका डोक्यावर ठेवून वाट झाडीत जाते आणि मग साम्रदकडे सरकते. हा टप्पा पहिल्यांदा करताना गावातला वाटाड्या घ्याच. दोन-अडीच तास धरा. पाणी प्रत्येकी तीन लिटर, गडावरच्या पाण्याच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

गाडी रतनवाडीत आणि तुम्ही साम्रदला, याचा विचार आदल्या दिवशीच करा. आम्ही ‘मिळेल काहीतरी’ म्हणून उतरलो आणि एकही जीप मिळाली नाही. फोनला रेंज नव्हती. अंधार पडेपर्यंत डांबरी रस्ता तुडवला, त्या दिवशी पायांना सगळ्यात जास्त फोड आणले ते त्या डांबराने. मुक्कामाच्या घरीच जीपवाला गाठा आणि तो दुपारी दोनला साम्रदच्या देवळापाशी उभा राहील अशी बोली करा.

सांदण दरी साम्रदलाच आहे, ‘आलोच आहोत तर’ म्हणून तीही त्याच दुपारी उरकायचा मोह होईल. तिला वेगळा दिवस द्या. आणि चौघांपैकी कोणाचा गुडघा उतारावर बोलत असेल तर त्र्यंबक दरवाजा वरूनच बघून शिड्यांनी परत फिरा, जीपवाल्याला मात्र तसं सकाळीच सांगून ठेवा.