संख्याशास्त्र शिकून हे कुठलं खूळ?

प्रश्न : मुलगी वाशीच्या कॉलेजात बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला म्हणे प्रजनन आरोग्यात संशोधन करायचंय. डॉक्टर नसताना हे कसं जमणार? आणि उद्या स्थळं आली की मुलगी काय करते म्हणून सांगायचं? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, स्थळाचं आधी मिटवू. ‘आरोग्य सर्वेक्षणात संशोधक आहे’ एवढं सांगा. तेवढ्यानेही ज्यांचं नाक मुरडेल, ते घर तुमच्या लेकीसाठी नाहीच.

आता डॉक्टरकीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तपासलं डॉक्टरांनी, हे खरं. पण दवाखान्यात येणाऱ्याच बायका मोजल्या असत्या, तर बाकीच्यांचं दुखणं कुणाला कळलं असतं? कुणाला मोजायचं आणि कोण सुटतंय, हे बघणं तुमच्या लेकीच्या विषयात येतं.

शिकायला लांब जायला नको. वाशीला गाडी बदलून गोवंडीला उतरायचं; देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, 1956 पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम 1992-93 च्या पहिल्या फेरीपासून हीच संस्था बघते. लोकसंख्याशास्त्र, जीवसंख्याशास्त्र (म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र) यांत तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळतं. परळलाही प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, पण प्रयोगशाळेची ओढ असणाऱ्यांना ती जास्त मानवेल.

मला शंका आहे ती वेगळीच. या सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बाईला गर्भनिरोधन, गर्भपात, नवऱ्याशी संबंध असं सगळं विचारतात. घरातल्या मारहाणीचे प्रश्न तर एका घरात एकाच बाईला, तेही ती एकटी असेल तरच. मधेच सासू चहा घेऊन आली की तो विषय तिथेच थांबवायचा. पुन्हा एकांत मिळालाच नाही, तर तो भाग कोराच ठेवायचा. अंदाजाने भरायचा नाही. गणितात हुशार असलेली पुष्कळ मुलं इथे कंटाळतात. तुमची मुलगी समोरच्याचं निवांत ऐकून घेते का, हे तुम्हीच जास्त जाणता.

पैशांचं सांगायचं तर सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पावरच्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. पीएच.डी. झाली की थोडं स्थिरावतं. ही तयारी घरातल्या सगळ्यांची हवी, फक्त तिची नाही.

परीक्षा होईपर्यंत एवढंच करा : याच सर्वेक्षणाची 2019-21 ची जिल्हावार पत्रकं फुकट मिळतात. ठाणे आणि नंदुरबारची तिला शेजारी शेजारी ठेवायला सांगा. कुठले आकडे का वेगळे, यावर तिने दोन पानं लिहावीत, मराठीत. ती पानं मला पाठवा, मग प्रवेशाचं बोलू.