वयोमर्यादा ३८ आहे, म्हणून अजून सात वर्षं थांबायचं?

पत्र : मी केज तालुक्यातला शेतकरी. मुलगा बी.एस्सी. ॲग्री, वय ३१, खुला प्रवर्ग. सात वर्षं पुण्यात एमपीएससी करतोय. दरमहा दहा हजार पाठवतो, कधी कमी पडू दिलं नाही. दर रविवारी फोन करून जाहिरात आली का विचारतो. २०२२ ला राज्यसेवेची मुलाखत तीन मार्कांनी हुकली. त्यानंतर दोनदा पूर्व निघाली नाही. आता जालन्याच्या एका बियाणे कंपनीत बीजोत्पादनाच्या कामावर २४ हजारांची नोकरी मिळाली म्हणतो, एक तारखेला हजर व्हायचंय. वयोमर्यादा ३८ आहे, अजून सात वर्षं हातात आहेत. सगळ्या गावाला साहेब होणार म्हणून सांगून बसलोय. खासगी नोकरीवाल्याला मुलगी कोण देणार? मॅडम, तुम्ही त्याला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर : काका, पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मुलाला समजावण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही. त्याने स्वतः अर्ज केला, मुलाखत दिली, नोकरी मिळवली आणि तारीख ठरल्यावर घरी येऊन सांगितलं. सात वर्षं एकाच गोष्टीमागे घालवलेल्या माणसाला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जड जाते. ती त्याने केली. म्हणून चार शब्द बोलायचेत ते तुमच्याशी.

तुमच्या रविवारच्या फोनपाशी मी थांबले. तुम्ही तो काळजीपोटीच करता, यात मला शंका नाही. पण त्या फोनचं दुसरं टोक मी रोज बघते. गेल्या महिन्यात एक मुलगा माझ्यासमोर बसला होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा. मध्येच फोन वाजला, स्क्रीनवर ‘अण्णा’. त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत वरून तळहात दाबून धरला. मग म्हणाला, ‘अभ्यासिकेत असेल असं समजतील.’ तीन महिने तो अभ्यासिकेत गेलाच नव्हता. सकाळी पाठीला सॅक लावून बाहेर पडायचा, चहाच्या टपरीवर, बागेत दिवस काढायचा आणि रात्री खोलीवर यायचा. घरी ‘चाललाय अभ्यास’. वडिलांची भीती म्हणावी असंही काही नव्हतं. वडील फोनवर एकच प्रश्न विचारत आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, एवढंच.

काका, तुमचा मुलगा इथवर आलेला नाही. तो तुमच्याशी खरं बोलला. ‘एकच शेवटचा अटेम्प्ट दे’ म्हणून तुम्ही त्याला पुण्याला परत धाडलंत, तर तो जाईलही. तुमच्या शब्दाबाहेर जाणारा तो दिसत नाही. पण पुढच्या वेळी तो तुम्हाला खरं सांगेल का, याची मला खात्री देता येत नाही.

ते तीन मार्क आता सोडून द्या. कटऑफच्या त्या तीन मार्कांत शेकडो मुलं अडकलेली असतात, आणि प्रत्येकाच्या घरी आपलाच मुलगा थोडक्यात हुकला असं वाटत असतं. तुम्ही ते तीन मार्क ठळक अक्षरात लिहिलेत, पुढची दोन वर्षं मात्र एका ओळीत उरकलीत. मुलाने बहुतेक ती दोन वर्षंच धरली. मुख्यपर्यंत गेलेला मुलगा पुढे दोनदा पूर्वलाच अडकतो, तेव्हा अभ्यास कमी पडला असं दरवेळी नसतं. माणूस थकलेला असतो.

आता ३८ चं. हा गैरसमज मला इतक्या घरांत भेटतो की त्यावर सविस्तर बोलते. खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत एमपीएससीचा अर्ज भरता येतो, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. तोवर बाकीचे दरवाजे उघडे राहतील, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तुमचा मुलगा कृषी पदवीधर आहे. सरकारी बँकांत कृषी अधिकारी घेतात, आयबीपीएस या बँकभरतीच्या संस्थेमार्फत. वयाची अट २० ते ३०. बँकेचा पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, तीच अट. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेतली ग्रेड ए अधिकाऱ्याची जागा, २१ ते ३०. म्हणजे ज्या नोकऱ्यांत त्याच्या पदवीला थेट मोल होतं, त्यांची दारं तो ‘अजून वय आहे’ म्हणत बसला असताना लागून गेली, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. खासगी कंपन्या वयाची अट छापत नाहीत, पण तिथेही ३१ व्या वर्षी पहिली नोकरी मिळते, ३६ व्या वर्षी फार अवघड जाते. तुम्ही शेतकरी आहात. जुलै निम्मा सरला आणि पाऊस आला नाही, तर तुम्ही मूग-उडदाचं बी मातीत घालत नाही. तूर धरता, बाजरी धरता. रान पडीक ठेवून पुढच्या मृगाची वाट बघत बसत नाही. मुलानेही तेच केलंय.

शिवाय तुमच्या मनातला ‘अजून एक अटेम्प्ट’ जुन्या परीक्षेचा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पर्याय निवडून गोळा काळा करायचे दिवस गेले. आता पानंच्या पानं उत्तरं लिहायची आणि वैकल्पिक विषयही घ्यायचा. हा बदल पुढे ढकलावा म्हणून २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती, ती उगीच नाही. सात वर्षांच्या तयारीवर एक वर्ष असं हे गणित राहिलेलं नाही. बरंचसं नव्याने उभं करावं लागेल. त्याला द्यायचीच असेल तर परीक्षा नोकरी सांभाळूनही देता येते. ते त्याचं त्याला ठरवू द्या.

नोकरीबद्दल तुम्ही ‘२४ हजार’ आणि ‘खासगी’ इतकंच लिहिलंय. काम काय आहे, हे त्याला विचारलंत का? जालना, देऊळगाव राजा हा पट्टा बियाण्यांचा. शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचं संकरित बी होतं. संध्याकाळी मादी झाडावरच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी नराचा पराग लावायचा, एकेका फुलाला. हे हातकाम बहुतेक बायका करतात. तुमच्या मुलाचं काम या प्लॉटवर फिरायचं : शेजारच्या पिकापासून विलगीकरणाचं अंतर पाळलंय का बघायचं, भेसळीचं झाड फुलावर यायच्या आत ओळखून उपटायला लावायचं. चार झाडं नजरेतून सुटली, तर ते बी पुढे तपासणीसाठी लावून बघितल्यावर अख्खा लॉट नापास होऊ शकतो, आणि शेतकऱ्याचे पैसे अडकतात. कॉलेजात वनस्पती प्रजनन शिकलेला आणि तुमच्या घरात वाढलेला मुलगा या कामात उपरा नाही. केजच्या दुकानात तुम्ही बियाण्याचं पाकीट हातात घेऊन मागची तारीख बघता ना, त्या पाकिटामागचं काम तो करणार आहे.

हे सुखाचं काम आहे असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात मोटारसायकलवर गावोगाव हिंडावं लागेल. लॉट नापास झाला की चिडलेला शेतकरी कंपनीच्या मालकापुढे जात नाही, तुमच्या मुलापुढेच उभा राहतो. त्याचा वरिष्ठ कदाचित २६ वर्षांचा असेल. पहिले सहा महिने हे बोचेल, घरी चिडचिड होईल. तेव्हा ‘तरी मी सांगत होतो’ एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही, तर फार मदत होईल. त्याने दोन वर्षं नेटाने काढली, तर पुढे गुणवत्ता तपासणीकडे जायला, दुसरी कंपनी बघायला किंवा गावातच स्वतःचं शेडनेट उभारायला त्याच्यापाशी बोलण्यासारखं काहीतरी असेल. आज ते नाही.

मुलीच्या प्रश्नावर मला थोडं कडक बोलावं लागेल. खासगी नोकरीवाल्याला मुलगी कोण देणार, असं तुम्ही विचारता. ३५ व्या वर्षी ‘तयारी करतोय’ म्हणणाऱ्याला कोण देणार आहे? कमावता, घरी खरं बोलणारा मुलगा हे चांगलं स्थळ आहे. ते लपवायचं स्थळ असल्यासारखं तुम्हीच वागलात, तर समोरचेही तसंच वागतील. आणि गावाला ‘साहेब होणार’ हे सांगितलं तुम्ही, मुलाने नाही. तुमचा शब्द राखायला त्याने आयुष्याची आणखी वर्षं द्यावीत, हा न्याय नव्हे. गावाला सांगा, पोरगा जालन्याला लागला. चार दिवस लोक बोलतील. मग सोयाबीनचा भाव पडेल आणि त्यावर बोलतील.

तुमच्या पैशांचंही मला कळतं. महिन्याला दहा हजार म्हणजे सात वर्षांत आठ लाखांवर गेले, आणि ते कोरडवाहूतून काढणं काय असतं हे तुम्हालाच ठाऊक. पण आणखी घातल्याने ते परत येणार नाहीत. पुढच्या महिन्यापासून ते दहा हजार घरात राहतील, हे तरी आज हातात आहे.

तुम्हाला त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर दोन गोष्टी सुचवते. नेमणूकपत्र कंपनीच्या रोलवरचं आहे की मधल्या ठेकेदाराच्या, पीएफ कापणार का, पेट्रोलचे पैसे वेगळे की त्या २४ हजारांतच, हे एक तारखेच्या आत त्याला लेखी विचारायला सांगा. आणि येत्या रविवारी फोन कराल तेव्हा जाहिरातीचं काढू नका. जालन्यात खोली कुठे बघितलीस, जेवणाची सोय काय, गादी इथून आणू का, असं विचारा.