वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडी आणि मुंबईचा उकाडा

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. गेल्या वर्षी तिचे इंजिन रीमॅप करून (संगणकातले सेटिंग बदलून ताकद वाढवून) घेतले. एसी चालू ठेवून बोरघाट चढताना तेलाचे तापमान ११८ अंशांपर्यंत जाते, कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा मात्र ९० वरून हलत नाही. येत्या हिवाळ्यात चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाडी नेण्याचा विचार आहे. गॅरेजवाले मोठा ऑइल कूलर आणि जाड रेडिएटर दोन्ही बसवा, असे सांगतात. काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : घाटातील ११८ अंशांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. चांगले सिंथेटिक तेल १२० अंशांपर्यंत निर्धास्त काम करते, आणि तेलात उतरलेली वाफ व पेट्रोलचा अंश उडून जाण्यासाठी ते अधूनमधून शंभरीपर्यंत तापणे हिताचेच असते. तापमान १३० च्या वर जाऊन तिथेच रेंगाळू लागले, तर मात्र काळजी करावी, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दांडा तेलाच्या पातळ थरावरच तोललेला असतो. कुलंटच्या काट्यावर मात्र विसंबू नका. या कंपनीसमूहाच्या गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो आणि खरे तापमान बऱ्यापैकी वरखाली झाले तरी ९० च दाखवतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या सॉकेटला) स्वस्तातला रीडर जोडून खरा आकडा पाहावा आणि घाटातल्या दोन-तीन फेऱ्यांत तेल व कुलंट या दोन्हींची नोंद ठेवावी. ही नोंद हाती येईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रॅकचा प्रश्न वेगळा आहे. घाटात वळणावळणाला पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो, ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटे तो जवळजवळ उठतच नाही आणि दर फेरीगणिक तेलाचे तापमान चढत जाते. आपल्या इंजिनाला मूळचा ऑइल कूलर आहेच, पण त्यात तेलाची उष्णता कुलंट शोषून घेते, म्हणजे तो भार शेवटी रेडिएटरवरच पडतो. शिवाय या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेले तप्त वायू बाहेर नेणारा नळ्यांचा संच) सिलिंडर हेडमध्येच सामावलेला असून त्यालाही कुलंटच थंड करते. त्यामुळे हवेने थंड होणारा वेगळा ऑइल कूलर जोडला, तर तेलाबरोबर कुलंटलाही उसंत मिळते आणि जाड रेडिएटरची गरज बहुधा उरत नाही. ट्रॅकवर खरोखर जाणार असाल तर आधी ऑइल कूलर बसवावा आणि रेडिएटरचे नंतर पाहावे.

नवा ऑइल कूलर बसवताना मूळचा कूलर काढू देऊ नका, कारण थंड इंजिन सुरू केल्यावर तोच तेलाला लवकर ऊब देतो. थर्मोस्टॅट नसलेला संच तर घेऊच नये. ८० अंशांच्या आसपास उघडून तेल कूलरकडे सोडणारा थर्मोस्टॅट (तापमानावर चालणारी झडप) नसेल, तर डिसेंबरातल्या पहाटे ऑफिसला जाताना तेल पुरेसे तापणारच नाही. आपल्या इंजिनाचा फिल्टर कार्ट्रिज प्रकारचा (घरात बसणारा नुसता गाभा) आहे, तेव्हा बाजारात सर्रास मिळणारी, स्पिन-ऑन (डब्यासकट आट्यांवर फिरवून बसणाऱ्या) फिल्टरखाली बसवून तेल कूलरकडे वळवणारी सँडविच प्लेट इथे उपयोगाची नाही. याच इंजिनासाठी बनवलेला ॲडॅप्टर मागावा.

होजविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. नागदेवी स्ट्रीटवर हायड्रॉलिक होज (जाड दाबाची रबरी नळी) हव्या त्या लांबीचा, क्रिम्प करून (टोकांना जोड दाबून बसवून) मिळतो आणि दुकानदार त्याच्या दाबाचा आकडा अभिमानाने सांगतो. दाबाची अडचण इथे नाहीच, इंजिनातील तेलाचा दाब त्या होजच्या क्षमतेपुढे किरकोळ असतो. साध्या आर-१ प्रकारच्या होजची तापमानमर्यादा मात्र १०० अंशांची असते आणि आपले तेल त्याच्या पुढे जाणार आहे. तेव्हा होजवर छापलेली तापमानमर्यादा स्वतः वाचून, १५० अंश सोसणारा होज घ्यावा. तो बंपरच्या पत्र्याला किंवा सबफ्रेमला कुठेही घासत नाही, हे गाडी लिफ्टवर असताना बोट फिरवून तपासावे. कूलरची दोन्ही तोंडे वरच्या बाजूला राहतील अशी बैठक असावी, म्हणजे आत हवा अडकत नाही आणि गाडी उभी असताना तेल ओघळून जात नाही. काम झाल्यावर इंधनपंपाचा फ्यूज काढून, तेलाचा दाब तयार होईपर्यंत थोडे थोडे क्रँक करावे (नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवावे), मगच इंजिन सुरू करावे. कूलर व होजमध्ये तेल भरल्यामुळे पातळी खाली गेलेली असते, ती डिपस्टिकने पाहून भरून घ्यावी.

प्रश्न : माझी जुनी टर्बो हॅचबॅक हायवेवर थंड असते, पण संध्याकाळी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) गर्दीत अडकले की तापते. जाड ॲल्युमिनियम रेडिएटरने फरक पडेल का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : बहुधा नाही, उलट त्रास वाढू शकतो. हायवेवर थंड राहणाऱ्या गाडीचा रेडिएटर पुरेसा आहे, गर्दीत तिला कमी पडतो तो वारा. गाडी उभी असते तेव्हा सारी हवा पंखाच ओढतो, आणि कोअर (रेडिएटरचा जाळीदार गाभा) जितका जाड तितकी ती ओढणे त्याला जड जाते. त्यातच रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या एसीच्या कंडेन्सरमधून आधीच तापलेली हवा रेडिएटरवर येत असते. पंखा दोन्ही वेगांनी फिरतो का आणि त्याचे प्लॅस्टिकचे आवरण शाबूत आहे का, ते पाहा. मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. समुद्रकाठच्या गाड्यांत तिथे खारी धूळ, पिसे आणि पावसाळ्यातला वाळलेला चिखल यांचा नमद्यासारखा थर सापडतो. तो इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात आणि मग खरोखरच नवा रेडिएटर घ्यावा लागतो. हे सारे ठीक असेल, तर कुलंटच्या टाकीचे प्रेशर कॅप (दाब धरून ठेवणारे झाकण) बदलून पाहावे. त्याची किंमत रेडिएटरच्या मानाने नगण्य असते.

प्रश्न : नवा रेडिएटर बसवल्यावर नुसते नळाचे पाणी भरले तर चालेल का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : नाही. पाणी उष्णता अधिक वाहून नेते हे खरे, पण गंजरोधक द्रव्यांशिवाय ते ॲल्युमिनियम पोखरते. कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच कुलंट घ्यावे आणि ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळावे. असे मिश्रण खुल्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळते, आणि कॅपच्या दाबाखाली त्याच्याही बरेच वर. वेगवेगळ्या रंगांची कुलंट एकमेकांत मिसळू नयेत.